पात्यामागची पाचर

डोमाजी निकुरे सरांना टेबल सॉ निवडायला दीड वर्ष लागलं. सिंदेवाहीत तो चेष्टेचा विषय झाला होता, आणि चेष्टेत पुढाकार घरचाच होता. "मले पाह्यले आले तवा पाच मिनटांत हो म्हणलं यायनं," त्यांच्या पत्नी वच्छलाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "अन् या लोखंडाच्या बाईले दीड साल." सर मात्र वाकून पाहुण्याच्या खुर्चीचा पाय हलतो का ते बघत.

टेबल सॉ म्हणजे एक लोखंडी टेबल. त्याच्या मधल्या फटीतून गोल पातं वर आलेलं असतं आणि खाली मोटार असते. फळी टेबलावर ठेवून हातानं पुढं सरकवायची, पातं ती उभी चिरत जातं. आमच्याकडे त्याला कोणी कटर मशीन म्हणतं, कोणी गोल आरी. घरच्या कामाचं लहान मशीन एका दुपारी दुकानात जाऊन आणता येतं. सरांना ते स्वतःसाठी हवं असतं तर त्यांनीही तसंच आणलं असतं. पण ते सुधाकर मडावी या त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यासाठी होतं. मडावी अहेरीच्या पुढं, जंगलातल्या एका गावी राहायचा. वीस वर्षांत त्यानं लाकूड चिरलं नव्हतं. मशीन आणलं तरी तो येईल का, हे सरांना ठाऊक नव्हतं.

सर गेल्या धान कापणीच्या दिवसांत गेले. अंत्ययात्रेला माणसं पुष्कळ होती. त्यांतल्या निम्म्यांच्या घरांची दारं सरांनी किंवा सरांच्या विद्यार्थ्यांनी केलेली होती.

माझी त्यांची ओळख उशिरा झाली. चंद्रपूरच्या एका दैनिकातून निवृत्त झाल्यावर घरामागच्या पत्र्याच्या खोलीत थोडं सुतारकाम करावं असं मनात होतं. मशीन बघायला दुकानात गेलो, तर दुकानदारानं माल दाखवायच्या आधीच सांगितलं, सिंदेवाहीला निकुरे सर आहेत, त्यांना विचारा. ते चार वेळा येऊन गेले, प्रत्येक मशीन उघडून बघितलं, आणि अजून एक स्क्रूसुद्धा घेतला नाही. त्याच्या बोलण्यात तक्रार होती आणि थोडा अभिमानही होता. निकुरे हे नाव मी कुठंतरी वाचलं होतं. कुठं, ते त्या दिवशी आठवलं नाही.

सर एका सरकारी प्रशिक्षण संस्थेत सुतारकामाचे निदेशक होते. बेताची उंची, अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, आणि इतरांच्या खिशाला पेन असतं तिथं सहा इंची स्टीलची पट्टी. ही पट्टी सारखी त्यांच्या हातात येई. बोलताना ते तिनं दिशा दाखवत, चहावरची साय बाजूला सारत, कोणी फार वेळ बोललं तर ती टेबलावर हळूच आपटत. कोणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी दार एकदा उघडून लावून बघत. पुतणीच्या साक्षगंधाला मुलाकडच्या घरी गेले, तेव्हा त्यांचं मधलं दार फरशीला घासत होतं. मंडपात देण्याघेण्याच्या गोष्टी चालू असताना सरांनी शेजाऱ्याकडून रंधा मागून आणला, दार उतरवलं, खालची कड तासली आणि परत बसवलं. मुलाचे वडील पुढं सांगत, बोलणी कुठं अडली होती ते आता आठवत नाही, पण दार आवाज न करता लागलं तेव्हा सोयरीक पक्की झाली.

शिकवताना ते फार कमी बोलत, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. मशीन चालू असताना मास्तरनं गप्प राहावं, कारण तेव्हा मशीन शिकवत असतं, असं त्यांचं म्हणणं होतं. "आवाज आयका," एवढंच ते म्हणत. लाकूड ओलं आहे, पातं बोथट आहे, कोणी घाई करतंय, हे सगळं त्यांना पाठमोरं उभं राहून कळे.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी मला मशीनबद्दल काहीच सांगितलं नाही. आधी माझ्या खोलीची मापं विचारली. दार कुठं उघडतं, आठ फुटी फळी पात्यातून पलीकडं गेल्यावर भिंतीला लागेल का, वीज एका फेजची की तीन. मग म्हणाले, दुपारी पंप सुरू झाल्यावर तुमच्या खोलीतला बल्ब किती पिवळा होतो ते आठ दिवस बघा आणि परत या. मला ती टाळाटाळ वाटली. ती टाळाटाळ नव्हती. उन्हाळी धानाला पाणी सुरू झालं की त्यांच्या भागात विजेचा दाब इतका उतरे की मोटार नुसती हुंकार देऊन थांबे. अर्ध्या फळीत थांबलेलं पातं कोणत्याही पात्याहून वाईट, असं ते म्हणत.

पुढं मी त्यांच्याबरोबर दुकानात गेलो. चंद्रपूरचं तेच दुकान, त्यांची पाचवी खेप. घरून त्यांनी दुपट्ट्यात गुंडाळून सागवानाची एक फळी आणली होती. दुकानातल्या नव्या विक्रेत्यानं मोटारीचे वॅट सांगितले, फेरे सांगितले, वॉरंटी सांगितली. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"ते ठीक आहे," ते म्हणाले. "खाते किती?"

"तासाला दोन युनिट धरा, सर."

"विजेचं नाई विचारून राह्यलो. लाकूड किती खाते?"

विक्रेत्यानं मालकाकडं बघितलं. मालकानं दुसरीकडं बघितलं. सरांनी फळी चिरायला लावली. पात्याची जाडी जेवढी, तेवढं लाकूड दर चिरीला भुसा होऊन जातं. त्या फटीला ते घास म्हणत. सव्वातीन मिलिमीटरचा घास घेणारं पातं एका जाड फळीच्या दहा पट्ट्या करताना इंचभर रुंद सागवान खाऊन टाकतं, हे त्यांनी त्या विक्रेत्याला फळीवर पट्टी ठेवून दाखवलं. आवाजात राग नव्हता, वर्गातला सूर होता. मग त्यांनी स्टीलचा ग्लास काठोकाठ पाण्यानं भरून चालू मशीनच्या टेबलावर ठेवला आणि पाण्यावर उठणाऱ्या वर्तुळांकडं बराच वेळ बघत राहिले. दुकानात आलेली दोन गिऱ्हाइकंही बघत राहिली. एकानं मला हळूच विचारलं, हे पूजेसाठी आहे का.

पण त्या दिवशी नकाराचं कारण वेगळं होतं. पात्याच्या मागं, पात्याच्याच रेषेत, एक पोलादी पट्टी उभी असते. सर तिला पाचर म्हणत. पूर्वी दोन माणसं मोठ्या करवतीनं ओंडका चिरत तेव्हा चिरलेल्या फटीत लाकडी पाचर ठोकत पुढं जात, म्हणजे फट मिटून करवत अडकत नसे. मशीनवर तेच काम ही पट्टी करते. ती नसेल तर ओलं लाकूड मागून मिटतं, पातं पकडतं आणि फळी माणसाच्या अंगावर फेकली जाते. अडचण एवढीच की काही मशीनांत फळीत उथळ खाच मारायची असेल तर ही पाचर काढावी लागते. विक्रेत्यानं तेच गुण म्हणून सांगितलं. बघा सर, एका स्क्रूवर निघते, काही कटकट नाही.

"निघते म्हणूनच नाई पाह्यजे," सर म्हणाले. फळी दुपट्ट्यात गुंडाळली आणि उठले.

परतताना एसटीत त्यांनी सांगितलं की पाचर पात्याबरोबर वरखाली होणारी हवी, पात्याच्या माथ्यापेक्षा जराशी खाली राहणारी, म्हणजे खाच मारतानाही ती जागेवरच राहते. असं मशीन मिळतं, पण लहान आकारात शोधावं लागतं. मी विचारलं, खाच मारायला एक दिवस काढली आणि परत लावली तर काय बिघडतं? त्यांनी पट्टी खिशातून काढली, परत ठेवली आणि मूल गाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

दीड वर्षात गावात अफवा व्हायच्या त्या झाल्याच. आमच्या भागात लाकडाबद्दल बोलताना लोक आवाज खाली आणतात. आरा मशीन, म्हणजे ओंडके चिरायची गिरणी, म्हटलं की परवाना आला, परवाना म्हटलं की वनखातं आलं. कोणीतरी सांगितलं की निकुरे सरांनी घरामागं आरा मशीन बसवली आहे. एक दिवस गार्ड आला. तरुण होता, बोलायला नम्र, पण कामाला पक्का. शेडमध्ये शिरला. शेड दहा बाय बाराचं, झाडून स्वच्छ, आणि पूर्ण रिकामं.

"मशीन कुठी आहे, सर?"

"तुमी तिच्यावरच उभे आहा," सर म्हणाले. "जरा बाजूले व्हा. पाय पात्यात आहे तुमचा."

गार्डनं दचकून पाय उचलला. जमिनीवर खडूनं मशीनची पूर्ण आकृती काढलेली होती. टेबल, पातं, फळी सरळ धरणारी बाजूची पट्टी, उभं राहायची जागा, आणि फळी बाहेर पडायची वाट. सर रोज सकाळी आठ फुटांची फळी घेऊन त्या आकृतीभोवती फिरत आणि कुठं भिंत अडते, कुठं कोपर लागतं ते बघत. वच्छलाबाईंचं म्हणणं होतं की नुसत्या खडूवर यायनं अर्ध्या गावाचं फर्निचर बनवलं. सरांनी गार्डला डेपोच्या लाकडाच्या पावत्या दाखवल्या, आरा मशीन आणि हे घरगुती मशीन यातला फरक समजावला, आणि जाताना त्याच्या क्वार्टरच्या खिडकीचं माप लिहून घेतलं.

शेजारच्या मोरेश्वर सुताराला हा सगळा उपद्व्याप मान्य नव्हता. त्यानं हातात धरायचा कटर प्लायवूडच्या टेबलाखाली उलटा कसून स्वतःचं टेबल सॉ केलं होतं. बऱ्याच ठिकाणी तसंच करतात. त्यावर ना झाकण ना पाचर. तो सरांना बोलावून ते दाखवू लागला. सरांनी वाकून खालून बघितलं, वरून बघितलं आणि विचारलं, "मोरेश्वर, बकरीले उलटं टांगून दूध काढते का गा कोणी?" मोरेश्वर म्हणाला, निघते तर काढावं. त्या दिवशी सर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला शिसमाची एक काठी करून दिली, टोकाला खाच असलेली. फळीचा शेवटचा भाग हातानं न ढकलता या काठीनं ढकल म्हणाले. मोरेश्वर ती अजून वापरतो. मशीन तेच आहे.

पावसाळा संपता संपता सरांनी मला फोन केला. तुमच्या पेपरचे जुने अंक कुठं असतात, त्यांनी विचारलं. संस्थेचं नाव, वर्ष आणि महिना सांगितला. मी कार्यालयात जाऊन बांधलेली फाईल काढली. बातमी आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, चार ओळींची होती. सुतारकामाच्या कार्यशाळेत प्रशिक्षणार्थी सुधाकर मडावी याच्या डाव्या हाताच्या दोन बोटांना यंत्राचं पातं लागून गंभीर इजा झाली, प्रशिक्षणार्थ्याच्या निष्काळजीपणामुळे अपघात घडल्याचं संस्थेच्या अहवालात नमूद असल्याचं निदेशक निकुरे यांनी सांगितलं. निकुरे हे नाव मी तिथं वाचलेलं नव्हतं. ते मी तिथं लिहिलेलं होतं. संस्थेला फोन करून दुजोरा घेतला होता. मडावीला विचारलं नव्हतं.

प्रत घेऊन सिंदेवाहीला गेलो. सरांनी ती मशीनच्या खोक्यावर ठेवली. मशीन आदल्या आठवड्यात नागपूरहून आलं होतं, पाचर पात्याबरोबर वरखाली होणारी, घास कमी घेणारं. सरांनी खिशातून पट्टी काढून बातमी मोजली.

"पावणेदोन इंच," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. त्या सकाळी खिडकीच्या चौकटीला खाच मारायची म्हणून त्यांनी स्वतः पाचर काढली आणि टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. खाच मारून झाली आणि कार्यालयातून बोलावणं आलं. ते गेले. मागं मडावीनं ऐनाच्या झाडाची ओली फळी चिरायला घेतली. फळी अर्ध्यात मिटली. डाव्या हाताचं मधलं बोट पूर्ण गेलं, शेजारची तर्जनी एका पेरापर्यंत. संध्याकाळी अहवाल लिहायचा होता. वाक्य प्राचार्यांनी सांगितलं, पण अक्षर आपलं आहे, असं सर म्हणाले. निलंबन होईल, घरी दोन मुली आहेत, असं तेव्हा वाटलं. रात्री परत येऊन पाचर जागेवर लावली. चौकशीला माणूस आला तेव्हा ती तिथंच होती.

मडावीनं संस्था सोडली. शेती, मोहफूल, तेंदूपत्ता यांवर घर चालवलं. सरांनी निवृत्तीच्या वर्षी संस्थेला पत्र लिहून अहवाल दुरुस्त करायला सांगितलं. उत्तर आलं की ती नस्ती मुदतीनंतर नष्ट केली आहे. आता दुरुस्त करायला कागदच नव्हता. उरली होती ती ही चार ओळींची बातमी.

मी म्हटलं, खुलासा छापून आणतो. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "आधी त्याले. मंग पेपरले. अन् खुलासा पावणेदोन इंचाचाच पाह्यजे, कमी नाई."

मडावी फोन उचलत नव्हता. सरांनी हिवाळाभर प्रयत्न केला. त्या काळात मशीन शेडमध्ये खडूच्या रेषांवर बरोबर बसवलं गेलं होतं आणि त्यावर एकही फळी चिरलेली नव्हती. रोज कपड्यानं पुसायचे, टेबलावर मेण चोळायचे, पातं खाली करून ठेवायचे. वच्छलाबाईंनी चेष्टा थांबवली होती. एप्रिलमध्ये सरांनी मोबाइलवर एक फोटो काढून पाठवला. मशीनचा नाही, फक्त पाचरीचा. खाली काही लिहिलं नाही. दोन निळ्या खुणा उमटल्या आणि पुढं काहीच झालं नाही. मे संपता संपता मडावीचा फोन आला. गावातल्या चौघांसाठी धानाचं बियाणं न्यायला सिंदेवाहीच्या संशोधन केंद्रात येतो आहे, पिकअप घेऊन. वेळ मिळाला तर घरी येईन.

सरांनी मला बोलावून घेतलं. साक्षीदार म्हणून, असं म्हणाले.

मडावी अकराच्या सुमारास आला. चाळिशीच्या जवळचा, उन्हानं काळवंडलेला, बोलायला सावकाश. सरांच्या पाया पडला. वच्छलाबाईंनी पाणी दिलं, ग्लास त्यानं डाव्या हातानंच घेतला. सर त्याला बस म्हणाले नाहीत. सरळ शेडमध्ये घेऊन गेले. मी दाराशी थांबलो.

"सुधाकर," सर म्हणाले, "त्या दिवशी पाचर मी काढली होती. परत लावली नाई. कागदावर तुझी चूक लिहिली, ते अक्षर माझं."

"मालूम आहे, सर."

"काय मालूम आहे?"

"तुमी काढली ते. ड्रॉवरमंधी ठेवली, मी पाहून राह्यलो होतो."

सरांनी विचारलं, "मंग फळी काऊन घेतली चिराले?"

"तुमी काढली म्हणून," मडावी म्हणाला. "मले वाटलं, सरनं काढली म्हणजे नाई लागत असन."

बाहेर पिकअपचा ड्रायव्हर शेजारच्या आंब्याखाली कोणाशी तरी फोनवर बोलत होता. त्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. सर मशीनला हात टेकून उभे होते. त्यांनी विचारलं की मग तेव्हा बोलला का नाहीस.

"कोणाले सांगू? कागद तर तुमीच लिहून राह्यले होते."

वच्छलाबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कपबश्या खिडकीत ठेवल्या आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या. कोणी चहा घेतला नाही. मडावी मशीनजवळ गेला. चाक फिरवून पातं वर घेतलं, पाचर त्याबरोबर वर आली. पातं खाली केलं, पाचर खाली गेली. त्यानं ते तीनदा केलं. मग सरांच्या खिशातली पट्टी न विचारता काढून घेतली आणि बाजूच्या पट्टीचं अंतर पात्याच्या पुढं आणि मागं मोजलं. वीस वर्षांत ते तो विसरला नव्हता.

"मागून अर्धा मिलिमीटर जास्त आहे, सर."

"मुद्दाम ठेवलं. लाकूड घासू नये म्हणून."

मडावीनं मान डोलावली. मशीन इथं कोणासाठी ठेवलं, त्यानं विचारलं. सर म्हणाले, तू येशील म्हणून. महिन्यातून चार दिवस ये, राहायची सोय आहे. मडावी हसला. अहेरीच्या पुढून इथं यायला एक दिवस जातो, म्हणाला, आणि धानाच्या रोवणीच्या दिवसांत तर कोणी घरातून हलत नाही.

मी मध्ये बोललो. खुलासा लिहून आणला होता, तो त्याला वाचून दाखवला. त्यानं शेवटपर्यंत ऐकला.

"छापा," तो म्हणाला. "पण माझ्या गावात तुमचा पेपर येत नाई, भाऊ." मग सरांकडं वळला. "माझी माय अजून म्हणते, तू धड पाह्यत नाई, म्हणून बोटं गेली. गावातले लोक पोरांले सांगते, सुधाकरसारखं नोका करू. तुमी गावात या. चार लोकांसमोर सांगा. मायले मराठी समजत नाई, तिले तिच्या बोलीत सांगा."

"मले गोंडी येत नाई."

"रस्ता लंबा आहे," मडावी म्हणाला. "शिकवतो."

सरांनी मशीनबद्दल विचारलं. मडावी म्हणाला, तेही घेऊन चला, इथं ठेवून काय करता, तुमाले तर चालवाचं नाई. शाळेचे बेंच मोडले आहेत, समाजमंदिराचं दार पडलं आहे, पडवीत जागा आहे. मग सर तेवढ्यापुरते पुन्हा निदेशक झाले. गावात वीज किती तास असते, दाब किती, पडवीची जमीन सपाट आहे की उतरती, फळी बाहेर पडायला आठ फूट मिळतील का. मडावीनं सगळ्याची उत्तरं दिली. जिथं माहीत नव्हतं तिथं माहीत नाही म्हणाला. दीड वर्ष लावून निवडलेल्या मशीनचा निकाल चहा निवेपर्यंत लागला. चहा तर आधीच निवाला होता.

मशीन गाडीत चढवायला मोरेश्वर आला. चौघांनी ते उचलून पिकअपमध्ये, धानाच्या बियाण्याच्या पोत्यांमध्ये ठेवलं. वच्छलाबाईंनी सरांचे दोन सदरे, धोतर आणि गोळ्यांची डबी पिशवीत घालून दिली. ड्रायव्हरनं सरांसाठी पुढची जागा पुसून ठेवली होती. सर तिकडं गेले नाहीत. मागं चढले. रस्त्याला खड्डे आहेत, टेबल हललं तर बाजूची पट्टी सरकेल, एवढंच कारण त्यांनी दिलं. पोत्यावर बसून एक हात त्यांनी मशीनच्या कडेवर ठेवला. मडावी समोरच्या पोत्यावर बसला.

खुलासा त्या आठवड्यात छापून आला. पावणेदोन इंचाचा. गावात काय झालं ते मी बघितलेलं नाही, म्हणून लिहीत नाही. सर आठ दिवसांनी एसटीनं परत आले. मशीन तिकडंच राहिलं.

मला आठवतं ते पिकअप निघतानाचं. ड्रायव्हर गाडी मागं घेत होता. दोघांमध्ये मशीन होतं, दुपट्ट्यानं झाकलेलं. मडावीनं एक वाक्य म्हटलं, गोंडीतलं, सावकाश, शब्द सुटे करून. सरांनी ते म्हणून बघितलं. मडावीनं नाही अशी मान हलवली आणि पुन्हा म्हटलं. सरांनी डोळे मिटून घेतले आणि ओठ हलवत तेच वाक्य परत म्हणायला सुरुवात केली. गाडी वळणावर गेली तेव्हा मडावी पुढं झुकून त्यांना दुरुस्त करत होता.